गाडी थांबवायला शिकले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाई पंधरा दिवसांपूर्वी घरी आल्या आणि म्हणाल्या, "या खेपेला तुम्ही मोटरसायकलवर बोला." मी म्हटले, "अहो, मोटरसायकलवर बसायला सांगा, आत्ता बसते. बोलायचे काय त्यात?" पण त्यांनी ऐकले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हे सारे कागदावर लिहून आणले आहे आणि माझ्या धाकटीने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आहे. चुका राहिल्या असतील त्या माझ्या, आणि शब्द कुठे जड वाटला तर तो तिचा, असे समजावे.

ठाकुर्लीत मला पुष्कळजणी "फटफटीवाल्या वहिनी" म्हणूनच ओळखतात. २०२१ साली आमच्या यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. नोकरी होती ती फिरतीची, ती सुटली. मी पोळीभाजीचे डबे करीत होतेच. ते सहाचे बावीस झाले. डबे पोचवायला ठेवलेला मुलगा आठवड्यातून दोनदा येईनासा झाला आणि यांची स्प्लेंडर तर जिन्याखाली धूळ खात उभी. सगळेजण म्हणाले, स्कूटी घ्या, बायकांना ती बरी. बरी हो, पण पैसे कुठून आणायचे? घरात गाडी असताना दुसरी घ्यायची हे माझ्या हिशेबात बसेना.

गाडी मला अगदीच नवीन नव्हती. माझे माहेर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. भावाकडे एम-एटी होती, तिच्यावर दुधाचे कॅन जात. भाऊ जेवायला बसला की मी ती शेताच्या बांधापर्यंत नेऊन आणीत असे. त्या जोरावर मी स्प्लेंडर बाहेर काढली, रीतसर शिकाऊ परवाना घेतला, आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा काढून दाखवला आणि पक्का परवाना मिळवला. साहेबांनी "शाबास मावशी" म्हटले. मला वाटले, झाले, आपल्याला गाडी येते.

इथेच माझी चूक झाली, आणि ती सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

२०२२ चा जून. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. धाकटीला क्लासहून आणायला मी गेले होते. ती तेव्हा चौदा वर्षांची. परत येताना नव्वद फुटी रस्त्यावर एक कुत्रे आडवे आले. माझा वेग फार नव्हता, चाळीस असेल. मी घाबरून पायाने मागचा ब्रेक दाबला, तो नुसता दाबला नाही, त्यावर उभीच राहिले म्हणा ना. मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि गाडी मात्र पुढे सरकत राहिली, आडवी होत गेली. मला खरचटले. पोरगी फुटपाथच्या कडेवर आपटली. डोक्याला हेल्मेट नव्हते. हेल्मेट घरात एकच, ते माझ्या डोक्यावर! भुवईवर पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दोन बोटे खाली असते तर डोळा गेला असता.

कुत्रे पळून गेले. लोक जमले. एक गृहस्थ म्हणाले, "बायकांनी कशाला या भानगडीत पडावे?" भगिनींनो, खरे सांगते, त्या क्षणी मलाही तसेच वाटले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते. मुलगीही काही बोलली नाही; पण त्यानंतर ती माझ्या मागे बसली नाही. रिक्षाने जायची, चालत जायची, "मला आवडतं चालायला" म्हणायची. मी मात्र चौथ्या दिवशी डबे घेऊन पुन्हा निघाले, कारण बावीस घरचे जेवण थांबत नाही. रोज त्या ठिकाणावरून जाताना हात घामेजत.

तीन-चार महिने असे काढले. मग एका डब्याच्या गिऱ्हाईक मुलीने मला विचारले, "मावशी, आमच्या क्लबात येता का? रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात सराव असतो." क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पत्ते खेळणारे लोक आले. तिने समजावले की हा मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांचा क्लब, कल्याण-डोंबिवलीतल्या वीस-पंचवीस जणी आहेत. असे क्लब आपल्याकडे आता पुष्कळ झाले आहेत. पुण्यात २०११ साली उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख या दोघींनी "बायकर्णी" नावाचा बायकांचा क्लब काढला, तो पुढे देशभर पसरला. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी तिला म्हटले, "मला येते गं गाडी." ती म्हणाली, "चालवायला येते हो मावशी. थांबवायला येते का?"

हे वाक्य मला लागले, आणि लागले म्हणूनच मी गेले.

पहिल्या रविवारी सहा वाजता गेले तर तिथे सगळ्या तरण्या पोरी, मोठाल्या गाड्या, अंगात जाड जाकिटे. मी पंजाबी ड्रेस, पायात चपला. शिकवणारी बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी तिला मॅडम म्हणे, ती मला ताई म्हणे. तिने पहिल्या दिवशी मला गाडीवर बसूच दिले नाही. चपला पाहून म्हणाली, "ताई, पुढच्या रविवारी घोट्यापर्यंतचे बूट, नसले तर साधे लेसवाले कॅनव्हासचे तरी. आज नुसते बघा." मनात म्हटले, इतक्या लांबून आले आणि ही चपलांवरून अडवते! पण नंतर लक्षात आले, गाडी कलंडली की सगळ्यात आधी खाली सापडतो तो पाय.

आता ब्रेकचे सांगते, कारण तेवढे एक जरी आज तुम्ही घरी नेले, तरी माझे बोलणे फुकट गेले नाही असे मी समजेन. आपल्याकडे गाडी शिकवणारा प्रत्येकजण, बाप असो, भाऊ असो, नवरा असो, एकच सांगतो: "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील." हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे फार महागात पडते. गाडी थांबू लागली की सारे वजन पुढे येते. एसटीने ब्रेक लावला की आपण कशा पुढच्या सीटवर जातो, तसेच. मग पुढचे चाक रस्त्याला घट्ट धरते आणि मागचे हलके होते. हलक्या झालेल्या चाकाचा ब्रेक करकचून दाबला तर ते फिरायचे थांबते आणि घसरते. माझे नेमके हेच झाले होते. थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. मात्र तो एकदम आवळायचा नसतो. मॅडमनी चार तऱ्हांनी सांगितले, माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी मीच म्हटले, "म्हणजे चकलीच्या सोऱ्यासारखे का?" सोऱ्या आपण कसा फिरवतो? आधी हलके, पीठ धरले की जोर वाढवत, पण धक्का न देता. धक्का दिला की चकली तुटते. मॅडम हसल्या आणि पुढच्या रविवारपासून त्या सगळ्यांनाच सोऱ्याचे उदाहरण देऊ लागल्या. माझी विद्वत्ता तेवढीच!

हे सांगून येत नाही, हाताला शिकवावे लागते. मैदानात खडूने रेघ मारायची, रेघेवर चाक आले की दोन्ही ब्रेक धरायचे, गाडी कुठे थांबली ते पावलांनी मोजायचे. आधी वीसच्या वेगाने, मग तीस, मग चाळीस. पहिल्या दिवशी माझी पावले सगळ्यांत जास्त भरली. त्यातच एक गोष्ट उमगली. वेग दुप्पट केला तर थांबायला अंतर दुप्पट लागत नाही, चौपट लागते. शिवाय माणसाला घाबरून हात हलवायलाच एक सेकंद जातो, आणि चाळीसच्या वेगाने एका सेकंदात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते. आपल्या या हॉलच्या पार त्या भिंतीपर्यंत! ब्रेक तिथून पुढे सुरू. हल्ली नव्या गाड्यांत चाक अडकू न देणारी यंत्रणा असते. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ती २०१९ पासून सक्तीची आहे. माझी स्प्लेंडर जुनी. तिच्यात यंत्रणा म्हणजे मीच.

मी त्या रेघेवर जवळजवळ तीन महिने घालवले. इतरजणी पुढे वळणे, चढउतार शिकू लागल्या तरी मी रेघेवरच. कुणी हसले नाही, हे त्या क्लबाचे मला फार आवडले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. गर्दीत हळू चालवणे हे जोरात चालवण्यापेक्षा कठीण. हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकचा किंचित दाब, म्हणजे मंद आचेवरचा स्वयंपाक. नजर जिथे, गाडी तिथे: खड्ड्याकडे टक लावून पाहिले की चाक खड्ड्यातच जाते, म्हणून खड्ड्याशेजारच्या चांगल्या रस्त्याकडे पाहायचे. पावसात झेब्राचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे साबणासारखी होतात. ट्रकचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर ट्रकवाल्याला आपण दिसत नाही. आणि एक गंमत. वेगात असताना डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे दाबायची, गाडी आपोआप डावीकडे कलते. मला हे खोटे वाटले, पण करून पाहिले तर खरे! आपण सायकलवर लहानपणापासून तेच करतो आणि आपल्याला ठाऊक नसते. विमानाचे विल्बर राइट मूळचे सायकलवाले. त्यांनीही म्हणे डझनावारी सायकलस्वारांना विचारले होते की तुम्ही वळता कसे, आणि पहिल्या दमात कुणालाच ते बरोबर सांगता आले नव्हते. तेव्हा सातवी शिकलेल्या मला आले नाही यात नवल नाही.

हे सगळे शास्त्र पोलिसांकडून आले आहे असे मॅडमनी सांगितले. इंग्लंडात १९३० च्या दशकात लंडनमधल्या हेंडनच्या पोलिस शाळेत अपघात कमी करण्यासाठी एक पद्धत बसवली: आधी रस्त्याची माहिती घ्या, मग आपली जागा ठरवा, मग वेग, मग गिअर, आणि सगळ्यात शेवटी ॲक्सिलरेटर. त्यांच्याकडे १९५६ पासून परवाना मिळाल्यानंतरही सामान्य लोक आपण होऊन ही वरची परीक्षा देतात. आपण मात्र आठ काढला की जन्मभराचे पास!

आता आपल्या कपड्यांविषयी, कारण या सभेत ते निघणारच. १९१६ साली ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरेन या अमेरिकेतल्या दोन बहिणी मोटरसायकलवरून न्यूयॉर्कहून पार कॅलिफोर्नियापर्यंत गेल्या. वाटेत पोलिसांनी त्यांना अडवले ते वेगासाठी नव्हे, पुरुषांसारखे कपडे घातले म्हणून! आणि आपल्या पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ साली मुंबईच्या गेटवेपासून जगप्रवासाला निघाल्या त्या नऊवारी नेसून. म्हणजे काय नेसावे यावर वाद घालणारे सगळीकडे आहेत. मी एवढेच म्हणेन की जे काही असेल ते चाकात जाता कामा नये. नऊवारीचा काष्टा घट्ट असतो, तो एक वेळ चालेल. पण पाचवारीचा पदर आणि ओढणी, यांनी किती गळे आवळले आहेत! मागच्या चाकाला निम्मे झाकणारी जाळी हवी हा आपल्याकडचा नियमच आहे. कुणी ती दिसायला वाईट म्हणून काढून टाकतात, त्यांना काय म्हणावे? आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसणे! आपल्यातल्या निम्म्याजणी अजून तशाच बसतात. सगळे वजन एकीकडे, धरायला नवऱ्याचा खांदा, कडेवर मूल. मी क्लबात मागे तशी बसून दाखवले तर चालवणारी पोर दहा पावलांत थांबली. म्हणाली, "ताई, मला वळताच येत नाहीये."

हेल्मेटविषयी बोलले नाही तर चिटणीसबाई मला सोडतील, पण मीच मला सोडणार नाही. यंदाच्या पाडव्याच्या वेळचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. शोभायात्रेत आपल्या मंडळाच्या बायकांनी नऊवारी, नथ आणि फेटा अशा थाटात गाड्यांवरून जायचे ठरले. फोटो छान येतात, मलाही आवडतात. मी म्हटले, मी येईन, पण हेल्मेट घालून. त्यावर बरीच बोलाचाली झाली. कुणी म्हणाले, चालण्याच्या वेगाने तर जायचे, कुणी म्हणाले, मग फेट्याची शोभा काय राहिली, एक वहिनी तर म्हणाल्या, "तुम्हाला क्लबाचा गर्व झालाय." मी गेले नाही. गर्व झाला असेल तर देव जाणे. पण पाच टाके घातले जात असताना पोरीचा हात ज्या बाईने धरला आहे, तिला उघड्या डोक्याने गाडीवर बसवत नाही हो. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट हा कायदा आहेच. मी कायद्यासाठी म्हणत नाही. आज तेच मंडळ मला इथे बोलायला उभे करते, त्यावरून राग गेला असावा असे मी धरते. पुढच्या पाडव्याला हेल्मेटला झेंडूची माळ लावू, काय म्हणता?

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर क्लबाची सहल माळशेजला निघाली. ठाकुर्लीहून पत्रीपुलावरून कल्याण, शहाड, म्हारळ, मग रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल ओलांडून मुरबाड. एवढ्या लांब मी प्रथमच जात होते. सगळ्यांत पुढे एक जाणती, सगळ्यांत मागे दुसरी जाणती, आणि जी सर्वांत हळू ती पुढच्या बाईच्या लगेच मागे; म्हणजे सारी रांग तिच्या वेगाने चालते, तिला कुणाला गाठायची धडपड करावी लागत नाही. ती जागा माझी होती. सासरी इतक्या वर्षांत असा नियम कुणी केला नव्हता! एकीच्या मागोमाग दुसरी नाही, एक रस्त्याच्या डाव्या अंगाला, पुढची उजव्या अंगाला, म्हणजे प्रत्येकीपुढे थांबायला जागा राहते. घाटात मात्र एकामागे एक. सरळगाव मागे पडले आणि पुढे एका फाट्यावर मी हात वर करून थांबायची खूण केली. मॅडमना वाटले गाडी बिघडली.

तो आमच्या गावचा फाटा. सातवीनंतरची शाळा तिथून सात किलोमीटरवर होती. भावाला वडिलांनी सायकल घेऊन दिली. मला म्हणाले, पोरीच्या जातीने एवढे लांब जायचे नाही. त्यांच्यावर माझा राग नाही; त्या काळी त्या वाटेवर दिवसातून दोनच एसट्या होत्या. मी मॅडमना म्हटले, दहा मिनिटे द्याल का? आणि एकटीच त्या वाटेने शाळेपर्यंत गेले. घड्याळ लावून गेले. अकरा मिनिटे लागली. रविवार म्हणून शाळेला कुलूप होते. फाटकाशी गाडी उभी करून जरा वेळ थांबले आणि परत फिरले. पोरींनी काही विचारले नाही, चहा तेवढा पुढे केला. घाटात धुके होते, उतारावर एका वळणाला समोरून ट्रक आपल्या बाजूला आला आणि माझे हात आपोआप सोऱ्या फिरवू लागले. गाडी सरळ रेषेत थांबली. ट्रक गेल्यावर पाय थरथरले ते वेगळे.

ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी सहाला माझ्या घराखाली यावे. गाडी कोणतीही चालेल, स्कूटीसुद्धा. बूट हवेत, हेल्मेट आयएसआयचे हवे, ओढणी घरी ठेवावी. पहिल्या दिवशी कदाचित गाडीवर बसायला मिळणार नाही, तेव्हा रागावू नये.

शेवटचे एक सांगते आणि बसते, अध्यक्षबाई मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत. धाकटी आता सतरा वर्षांची आहे. मागे बस असे मी तिला कधी म्हटले नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी तिची कल्याणला प्रवेशपरीक्षा होती. मेगाब्लॉकमुळे गाड्यांचा गोंधळ, रिक्षा मिळेना. मी ओट्याशी होते. ती खुंटीवरचे दुसरे हेल्मेट काढून घेऊन आली, पट्टा स्वतःच लावला आणि म्हणाली, "आई, चल." मागे बसली, दोन्हीकडे पाय टाकून. पत्रीपुलावर आल्यावर कानाशी येऊन म्हणाली, "उशीर होतोय, जरा जोरात घे ना."

मी घेतली नाही. आम्ही वेळेवर पोचलो.